जांभळी कोणाची, अन्वर?

अन्वर,

तुझ्याबद्दल पेपरात चार गोड शब्द लिही म्हणून आपला फोटोग्राफर दत्ता मागे लागलाय. गोड लिहिणारे पुष्कळ निघालेत. तुझ्या मय्यतीला जवळा बाजारातल्या दुकानदारांनी शटरं अर्धी खाली ओढली होती, आणि ज्यांनी जन्मभर तुला 'पेटीवाल्याचं येडं पोरगं' म्हटलं तेच एकमेकांना सांगत होते की मोठा कलाकार गेला. माती देताना मला रडू आलं नाही. राग आला. तो अजून उतरलेला नाही. दुसऱ्या कुणावर काढून उपयोग नाही, म्हणून तुलाच लिहितो.

तुझ्या वडिलांचं, उस्मानचाचांचं, पत्र्याच्या पेट्यांचं दुकान होतं. लेकीच्या लग्नात द्यायच्या पेट्या, धान्याच्या कोठ्या, बादल्या. शाळा सुटली की मी घरी न जाता तिथंच यायचो. तू पेटीच्या झाकणावर हातोडीनं मोर उठवायचास आणि मी तोंड उघडं टाकून बघायचो. पुढं मी शिकलो, हिंगोलीच्या आयटीआयमध्ये फिटरचं काम शिकवायला लागलो. तू दुकानावरच राहिलास. पण गाड्यांचं वेड दोघांचं सारखं होतं. रस्त्यानं अनोळखी गाडी गेली की तू हातातलं काम टाकून उठायचास, आणि ती वळणाआड जाईपर्यंत तुझ्याशी बोलण्यात अर्थ नसायचा.

कापसाच्या जुन्या जिनिंगच्या मागच्या शेडमध्ये ती विलायती गाडी सडत पडली होती. निजामाच्या जमान्यात कुण्या जहागीरदारानं आणलेली, त्याच्याकडून जिनिंगच्या मालकाकडे आलेली, आणि मालकाकडून कोंबड्यांकडे गेलेली. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. मालकाला जागा मोकळी करायची होती, म्हणाला, घेऊन जा. आपण बैलजोडी लावून ती बाजारातून ओढत आणली. अख्खा बाजार हसत होता. उस्मानचाचा दुकानाच्या ओट्यावर उभे राहिले आणि ओरडले, "अरे, ये किसकी मय्यत लेके आया?"

"अब्बा, मय्यत न्हाई," तू म्हणालास. "बीमार हाय फक्त."

तिला बरं करायला कित्येक वर्षं गेली. खालचा सांगाडा, म्हणजे चेसी, आणि इंजिन तेवढं तू ठेवलंस. वरचं सगळं कापून टाकलंस आणि पेट्यांच्या पत्र्यातून नवं अंग ठोकून काढलंस. लांब नाक, बुटकी कंबर, मागं माशाच्या परांसारखे दोन पंख. दारं ठेवलीच नाहीस. पेटीचं झाकण उचलावं तसं अख्खं छत मागं उघडायचं आणि माणूस आत उतरायचा. नाकाच्या मधोमध एकच दिवा, पूर्णा जंक्शनच्या भंगारात मिळालेला रेल्वे इंजिनाचा. रंग आणायला आपण नांदेडला गेलो, तेव्हा दुकानदाराला तुला काय पाहिजे ते कळेना. तो लाल दाखवायचा, निळा दाखवायचा. शेवटी तू खिशातून जांभूळ काढलंस, त्याच्या काउंटरवर अंगठ्यानं चिरडलंस आणि म्हणालास, "हा."

दुकानदार वैतागला होता. पण रंग त्यानं तोच करून दिला, आणि गाडीचं नाव तिथंच पडलं.

जांभळीला पहिल्यांदा हिंगोलीच्या दसऱ्याच्या प्रदर्शनात उभी केली, तेव्हा पाळण्यापेक्षा तिच्यापुढं मोठी रांग लागली. सेनगावकडून लोक जीपच्या टपावर बसून आले. दत्ताचा फोटोचा स्टॉल शेजारीच होता. तो तेव्हा नवाच फोटोग्राफर होता. सकाळी 'गाडीच्या आड माझा स्टॉल दिसत न्हाई' म्हणून भांडायला आला, आणि संध्याकाळी तिच्यासमोर माणसं उभी करून फोटो काढताना त्याला जेवायला सवड नव्हती. त्या दिवसापासून तो आपला झाला. पुढं एका खताच्या दुकानदारानं कॅलेंडरवर देवाच्या जागी जांभळी छापली. शिरड शहापूरला मी एका घरी पाणी प्यायला थांबलो, तर त्या कॅलेंडरला हळदकुंकू लावलेलं.

मग मुंबईच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं. तू चप्पल घालून स्टेजवर चढलास. माइकवाल्या बाईनं विचारलं, ही गाडी कोणाची कल्पना? तू म्हणालास, "मी आन् मिलिंद." मी खाली गर्दीत उभा होतो. मी केलं काय होतं, अन्वर? स्प्रिंगच्या कमानी बसवल्या होत्या आणि ब्रेक दुरुस्त केले होते. परत येताना मी तुला म्हणालो, असं कशाला सांगितलंस? तू म्हणालास, "मग काय खोटं हाय? तू नसता तर ती थांबली असती का कुठं?"

आणि माझं लग्न. त्या वेळी एका मोठ्या पुढाऱ्याच्या घरीही त्याच दिवशी लग्न होतं आणि त्याला नवरदेवासाठी जांभळी पाहिजे होती. जांभळी तोवर कुणाच्याच लग्नात गेली नव्हती. त्याची माणसं तुझ्या दुकानावर दोन वेळा येऊन गेली. आमची वस्ती गावाच्या कडेला. तिथं असली गाडी कधी वळली नव्हती, तिला वळायला रस्ताही धड नव्हता. तू त्या माणसांना सांगितलंस, "गाडीचं पहिलं लगीन माझ्या दोस्ताचं हाय." आणि सकाळी धुळीचा लोट उडवत बुद्धविहारासमोर जांभळी येऊन थांबली. माझी आई बाहेर आली, गाडीच्या नाकावरून तिनं हात फिरवला आणि मग तुझ्या तोंडावरून. पुढं वर्षभर त्या पुढाऱ्याच्या माणसांनी तुझ्या दुकानातून काही घेतलं नाही. तू एका शब्दानं मला बोलला नाहीस. मला ते उस्मानचाचांकडून कळलं.

तेव्हा तुझ्या गप्प बसण्याचं मला कौतुक वाटलं होतं. पुढं त्याच गप्प बसण्यानं तू माझं डोकं फिरवलंस.

पुण्याचे शेठ आले ते तुझ्या वाईट दिवसांत. उस्मानचाचा गेले होते. प्लॅस्टिकच्या बादल्या आल्या होत्या, पेट्या कोणी घेत नव्हतं. जांभळी मागच्या अंगणात ताडपत्रीखाली होती, आणि पावसाळ्यात तिच्या पंखांना खालून गंज चढायला लागला होता. शेठ जुन्या गाड्या जमवणारा माणूस. गोड बोलला. म्हणाला, पुण्यात मी मोठा हॉल बांधतोय, तिथं गाडीवर पाण्याचा थेंब पडणार नाही. समोर पाटी लागेल, पाटीवर तुमचं नाव असेल. मी तुला म्हणालो, लिहून घे. तू म्हणालास, "मिलिंद, मानूस आपल्या घरी बसून चहा प्यायला. त्याच्याकडून काय लिहून घ्यायचं?"

"चहा कोणीबी पितो," मी म्हणालो.

"इथं सडन्यापेक्षा तिथं तर ऱ्हाईल."

जांभळी ट्रेलरवर चढली तेव्हा तू घरात होतास. तुझ्या घरच्या, हलिमाभाभी, दारात उभ्या होत्या. मी रस्त्यापर्यंत गेलो. ट्रेलर औंढ्याच्या रस्त्याला लागला तेव्हा बाजारातली माणसं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभी होती आणि कोणी हसत नव्हतं.

वर्षभरानं दत्ता पुण्याला गेला आणि पाटीचा फोटो काढून घेऊन आला. पाटी पितळेची होती. 'संकल्पना व निर्मिती' असं लिहिलं होतं आणि खाली शेठचं नाव. खाली कुठंतरी, अगदी बारीक अक्षरात, तुझं असेल म्हणून मी फोटो चष्मा पुसून पुसून बघितला. नव्हतं. तू फोटो हातात घेतलास, बघितलास आणि दत्ताला परत दिलास.

"छत उघडं ठेवतेत का बंद?" तू विचारलंस.

दत्ता माझ्याकडे बघायला लागला. म्हणाला, "बंद."

"बंदच ठीक हाय. धूळ जात न्हाई."

मी त्या दिवशी तुझ्या अंगणात काय काय बोललो ते तुझ्या शेजाऱ्यांनीही ऐकलं असेल. वकील गाठू, पेपरात देऊ, पुण्याला जाऊन त्या हॉलसमोर बसू. तू पत्रा कापत होतास. कापतच राहिलास.

डुप्लिकेटची कल्पना माझी आणि दत्ताची. दत्ताकडे जांभळीचे ढीगभर फोटो होते, माझ्याकडे आयटीआयच्या ओळखीतून लेथ आणि वेल्डिंगची सोय होती. आपण दुसरी जांभळी बनवू, हुबेहूब, आणि तिच्या पाटीवर तुझं नाव टाकू. तुला सांगितलं तर तू इतका चिडलास की मी तुला तसं कधी पाहिलं नव्हतं.

"नक्कल करायची? माझीच? काहून?"

"लोकायला कळू दे कोणी बनवली ते."

"अरे, पहिली असताना दुसरी बनवली तर लोकं काय म्हनतील? हा नकली करनारा. मी सोता माझ्या हातानं सोताला नकली करू?"

  तू जे म्हणालास ते शब्दाला शब्द खरं झालं, ते पुढं येतंच.

मग दोन पावसाळे तो विषय निघाला नाही. आणि एक दिवस मी आलो तर तुझ्या अंगणात एक भंगारातली जुनी चेसी उभी होती. तू कोणाला विचारलं नाहीस, सांगितलं नाहीस. मी विचारलं, हे काय? तू म्हणालास, "हात बसून खराब होऊन राहिलेत." बस्स. एवढ्यावर आपण पुन्हा कामाला लागलो.

त्या वर्षांचे तुझे उपकार मानायचे की तुला शिव्या द्यायच्या, मला कळत नाही. तुझ्या डाव्या डोळ्याला मोतीबिंदू होता, हात थरथरायचा. पहिल्या वेळी जो पंख तू आठवड्यात ठोकलास तो या वेळी कित्येकदा बिघडला आणि कित्येकदा तू तो फेकून दिलास. दत्ता फोटो पुढं धरायचा, तू ते बाजूला सारायचास. "फोटोत पंख लांब दिसतो. तसा नव्हता." रंगावरून तर तू दत्ताला घराबाहेर काढलंस. त्याचे फोटो जुने होऊन तांबूस पडले होते आणि तो त्यांच्यावरून रंग सांगत होता. तेव्हा जांभळाचा हंगाम नव्हता. तू हंगाम येईपर्यंत गाडी बिनरंगाची ठेवलीस. आम्ही भाभींच्या हातचा चहा पीत त्या राखाडी गाडीभोवती बसायचो आणि तू आम्हाला पहिल्या जांभळीच्या गोष्टी सांगायचास, ज्या सगळ्या आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिलेल्या होत्या. मला निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती. मी रोज हिंगोलीहून एसटीनं यायचो. घरचे म्हणायचे, नोकरीत असताना इतके कधी वेळेवर गेला नाहीत. खरं सांगतो, इतक्या सुखात मी नोकरीत कधी नव्हतो.

आणि मग संभाजीनगरचं ते प्रदर्शन.

आम्ही उत्साहात गाडीचं नाव नोंदवलं होतं. दुसरी जांभळी टेंपोवर चढवून आपण तिघं गेलो. तिथं गेल्यावर कळलं की शेठही पहिली घेऊन आलाय. मैदानाच्या मधोमध गालिच्यावर ती उभी होती, भोवती मखमली दोरी, वर दिवे. आपल्याला जागा मिळाली चहाच्या स्टॉलमागं, आणि एका मुलीनं येऊन आपल्या गाडीसमोर पाटी ठेवली, 'प्रतिकृती'. दत्तानं तिला विचारलं, कोणाची प्रतिकृती, तेही लिहा ना. ती म्हणाली, सर, मला एवढीच दिली आहे.

तू म्हणालास, "चला, तिला भेटून येऊ."

लाउडस्पीकर कोकलत होता; आम्ही दोघं चार पावलं मागं राहिलो आणि तू दोरीजवळ उभा राहिलास. किती वेळ तू नुसता बघत होतास. मग वाकलास, दोरीखालून हात घातलास आणि मडगार्डवर बोटाची गाठ हळूच आपटलीस, दार वाजवावं तशी. एकदा. मग थोडं बाजूला सरकून पंखावर पुन्हा. पहारेकरी धावत आला. "ओ काका, हात लावू नका! लांब व्हा, लांब!" त्यानं तुझा दंड धरला, अन्वर. त्या पोराचा जन्म झाला नव्हता तेव्हा तू ती गाडी बनवली होतीस, आणि त्यानं तुझा दंड धरून तुला मागं सारलं. मी त्याच्या अंगावर गेलो. "अरे, यानं बनवली ती! यानं!" माणसं गोळा झाली. शेठचा मॅनेजर आला. त्यानं तुझ्याकडे पाहिलं आणि अदबीनं विचारलं, "काका, हे म्हणतात ते खरं का? तुम्ही बनवली ही?"

सगळे तुझ्या तोंडाकडे बघत होते. एवढंच म्हणायचं होतं, व्हय. दत्ताच्या हातात मोबाइल सुरू होता. सगळं टिपलं गेलं असतं.

तू गाडीकडे पाहिलंस आणि म्हणालास, "न्हाई. ही म्या न्हाई बनवली."

आणि चालू लागलास.

परतीच्या वाटेवर जिंतूरला टेंपो चहाला थांबला. दत्ता खाली उतरला. मी तुला टेंपोतच गाठलं. मी म्हणालो, आयुष्यात एकदा बोलायची वेळ आली होती, तेव्हा तू शेपूट घातलीस. मी म्हणालो, तुझ्यासाठी आम्ही गावोगाव तोंड फोडून घेतो आणि तू भर मैदानात आम्हाला खोटं पाडतोस. मी तुला भित्रा म्हणालो. तू ऐकून घेतलंस. मी विचारलं, "बोल ना, काहून न्हाई म्हणालास?"

तू म्हणालास, "खरं तेच सांगितलं."

"काय खरं?"

"जाऊ दे, मिलिंद. तकलीफ होईल."

मला वाटलं, तू तुझ्या तकलिफीबद्दल बोलतोयस.

त्यानंतरही मी येत राहिलो. आपण सोयाबीनबद्दल बोललो, माझ्या गुडघ्याबद्दल बोललो, तुझ्या दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनबद्दल बोललो. त्या दिवसाबद्दल नाही. मी वाट बघत होतो की तू काढशील. तू काय वाट बघत होतास ते तुलाच माहीत. आणि मग एका दुपारी जेवून उठलास, अंगणात गाडीजवळच्या खाटेवर आडवा झालास आणि भाभी चहासाठी उठवायला आल्या तेव्हा संपलेलं होतं. लोक म्हणतात, नशीबवान, झोपेत गेला. मी म्हणतो, इथंही न बोलताच गेला.

तुझ्या मय्यतीच्या दुसऱ्या दिवशी शेठच्या संग्रहालयाकडून मोबाइलवर शोकसंदेश आला. काळ्या चौकटीत तुझा फोटो, दत्तानंच कधीतरी काढलेला. खाली लिहिलं होतं, 'विख्यात जांभळी मोटारीचे निस्सीम चाहते आणि तिच्या प्रतिकृतीचे कुशल कारागीर'. मी ते वाचलं आणि मोबाइल पालथा ठेवला. चाहते! तू तिचा चाहता, अन्वर. बाप मेल्यावर त्याला पोराच्या ओळखीचा माणूस म्हणावं, तसं. आणि आपल्या गावातल्या लोकांनी तो संदेश इकडून तिकडं पाठवला, हात जोडलेली चित्रं टाकून. कोणाला त्यात काही खटकलं नाही.

चाळिसाव्या दिवशी मी आणि दत्ता तुझ्या घरी होतो. जेवणं झाली होती, पाहुणे पांगले होते. भाभींचा फोन वाजला. त्यांना हल्ली नीट ऐकू येत नाही, म्हणून त्यांनी स्पीकर लावला. शेठचा मॅनेजर होता. आधी दुःख व्यक्त केलं. मग म्हणाला, शेठची इच्छा आहे की काकांनी बनवलेली प्रतिकृती आमच्या संग्रहात यावी. मूळ गाडीच्या शेजारी ती उभी राहील. काकांची आठवण म्हणून. पाटीही लावू.

माझ्या तोंडात शिव्या आल्या होत्या. भाभींनी हातानं मला थांबवलं आणि फोन तोंडाजवळ धरला.

"भाऊ, मूळ गाडी कोनती म्हनता तुमी?"

"म्हणजे, आमच्याकडची. जांभळी."

"तुमच्या गाडीत पत्रा हाय का?"

"पत्रा?" मॅनेजर म्हणाला.

"त्यायनं वाजवून बघितला होता," भाभी म्हणाल्या. "पत्रा न्हाई, फायबर हाय. मडगार्ड बी, पंख बी. तुमी त्यांचं सगळं अंग काढून फेकलं आन् साच्यातलं बसवलं. खरं हाय का न्हाई?"

मॅनेजर चाचरत म्हणाला, "काकू, पत्रा खूप गंजला होता. रिस्टोरेशनमध्ये तसं करावं लागतं. इंजिन आणि चेसी ओरिजिनलच आहे."

"चेसी तर विलायतेची हाय, भाऊ. ती त्यांनी कधी आपली म्हनलीच न्हाई. त्यांनी ठोकलेला पत्रा तुमच्याकडं न्हाई. तो इथं हाय, अंगनात. ही गाडी कुठं बी जानार न्हाई." आणि त्यांनी फोन ठेवला. मग उठून ताटं गोळा करायला लागल्या.

दत्ता रडत होता. मी नाही. मला मैदानातला तू दिसत होतास, दोरीखालून हात घालून मडगार्ड वाजवणारा. मी फिटरचा मास्तर, अन्वर. मी जन्मभर पोरांना आवाजावरून धातू ओळखायला शिकवलं. पण लाउडस्पीकर चालू होता आणि मी तुझ्या जवळ नव्हतो. तू दोनदा वाजवलंस, ऐकलंस, आणि तुला कळलं की तुझी जांभळी जगात नाही. मग तुला विचारलं, ही तू बनवली का? तू म्हणालास, न्हाई. अगदी बराबर म्हणालास.

मी भाभींच्या मागं स्वयंपाकघरात गेलो. विचारलं, "भाभी, तुमाला कधी सांगितलं?"

"त्याच दिवशी. आले, हातपाय धुतले, आन् म्हनले, हलिमा, उनकी गाडी मेरी नहीं है. मग लै वेळ भिंतीकडं तोंड करून पडले होते."

"मला काहून न्हाई सांगितलं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "म्या बी तेच इचारलं होतं. म्हनले, मिलिंदला सांगितलं तर तो गावभर बोंबलत फिरंल. मग लोकायला कळंल का जांभळी मेली. लहान लहान लेकरं तिच्यासंगं फोटो काढून राहिलेत, काढू दे. आन् मिलिंदला तर लैच लागंल, म्हनले. त्याच्या लग्नातली गाडी हाय."

म्हणजे जिंतूरला टेंपोत तू जी तकलीफ म्हणालास ती माझी होती.

आता तू सांग, मी काय करू याचं? लोक म्हणतात अशा वेळी मन निवतं, माणूस माफ करतो. माझं निवलेलं नाही. तुला भित्रा म्हटल्याचा मला पस्तावा व्हावा अशी सगळी सोय तू करून ठेवलीस, पण मी पस्तावणार नाही. तू भित्रा नव्हतास हे कबूल. पण तू चुकलास. ज्यानं तुझं अंग कापून फेकलं त्याची अब्रू तू झाकलीस आणि माझ्या शिव्या खाल्ल्यास. माझं दुःख तू माझ्याऐवजी एकट्यानं वाहिलंस, ते कोणाला विचारून? आयुष्यभर आपण एका गाडीची दोन माणसं होतो. तिच्या मरणाची बातमी तू एकट्यानं ठेवून घेतलीस. मुंबईच्या स्टेजवर नाव घेताना तू मला सोबत घेतलंस, अन्वर. या वेळीही घ्यायचं होतंस. आपण दोघं त्या मैदानात खाली बसलो असतो आणि तिच्यासाठी रडलो असतो. मला ते रडणं आता एकट्याला जमत नाही.

दत्ता म्हणतो, हे छापू नको. अन्वरभाईची इच्छा नव्हती. शेठ मोठा माणूस आहे, आणि गावातली लेकरं हिरमुसतील. भाभींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "तुमचं तुमी बघा."

मी बघितलं. तू तुझ्या बायकोला सांगितलंस आणि तिनं ते पोटात ठेवलं, कारण तू तिच्यावर भरवसा ठेवला होतास. मला तू काही सांगितलं नाहीस. कोणाला सांगू नको असंही म्हणाला नाहीस. मग माझ्या तोंडाला कुलूप लावायचा हक्कही तुझ्याकडे उरलेला नाही. तुला माझं बोंबलणं नको होतं ना? मग बोलायचं होतंस माझ्याशी.

म्हणून हे लिहून राहिलो, ज्याला वाचायचं त्यानं वाचावं. पुण्याच्या हॉलमध्ये दिव्यांखाली उभी आहे ती जांभळी नाही. जांभळी जवळा बाजारच्या अन्वरनं बनवली. दोन्ही वेळा.